तिसरं पाणी

माझं नाव सुशीला. माहेर जळकोटचं, तुळजापूर तालुक्यातलं, हमरस्त्यावरचं गाव. वडील रस्त्याच्या गँगवर होते, खड्डे बुजवायचे, खडी टाकायची, झाडांच्या बुंध्याला गेरू-चुना लावायचा, असं काम. आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला. आम्ही बौद्ध. छप्पन साली मी आठेक वर्षांची होते, मला त्यातलं एवढंच नीट आठवतं की वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून नेले आणि येताना त्याच टोपलीत माझ्यासाठी पाटी आणली. सातवीपर्यंत शिकले. पुढं शिकवलं असतं तर शिकले असते, पण ते जाऊ द्या. लग्न होऊन मुरुम गावाच्या बाजूला आले. मालक शाळेत शिपाई होते, आता घरीच असतात, गुडघे धरलेत.

मला यादी करायची सवय कुठली, असं तुम्ही विचारलं ना, ती बहात्तरच्या दुष्काळातली. पाझर तलावाच्या कामावर होते मी, माती वाहायला. ऐंशी माणसं आणि पाण्याचा एक टँकर. पहिल्या दिवशी जो दांडगा तो प्याला, म्हाताऱ्या तशाच बसल्या. मुकादमाला म्हटलं, मला लिहिता येतं, मी नंबर लावते. तो हसला, पण कागद दिला. तेव्हापासून सांगते तुम्हाला, माणूस भांडतो ते पाणी कमी आहे म्हणून नाही, आपला नंबर कधी येणार ते कळत नाही म्हणून भांडतो. कागदावर नाव दिसलं की गप्प उभा राहतो. कामावरच्या माणसांना खायला सुकडी वाटायची, तीही मग माझ्याकडंच आली.

पुढं इकडं दूध संघ आला. गावोगाव सोसायट्या झाल्या, म्हशी आल्या, संकरित गाई आल्या, आणि फाट्यावर दूध थंड करायचं केंद्र उभं राहिलं. तिथं दुधाचे डबे धुवायला बाया पाहिजे होत्या. चाळीस लिटरचे डबे, सकाळी शे-दीडशे, संध्याकाळी तेवढेच. आम्ही बाराजणी लागलो. डबा धुणं म्हणजे नुसतं विसळणं नाही बरं का. आधी साधं पाणी, मग सोड्याचं गरम पाणी आणि ब्रश, मग परत साधं पाणी. एवढं करूनही डब्याच्या गळ्याला आतून पांढरा थर धरतो, आमच्याकडचं पाणी जड, त्यात दूध, त्यात सोडा, त्याचा होतो दगड. दुधाचा खडा म्हणतो आम्ही त्याला. तो ब्रशनं निघत नाही. चिंच कोळून लावायची, तासभर ठेवायची, मग निघतो. हे मला कुणी शिकवलं नाही, घरची तांब्याची घागर जशी घासते तशी घासून बघितली, एवढंच. प्लँटच्या पाइपांतही तो धरायचा. नळी तुंबली की पुढं पाणी जात नाही, मग मागचा कुठला तरी जोड सुटतो आणि तिथनं गळतं. मेकॅनिक बिचारा गळतं तिथं नवं वायसर घालायचा. आठ दिवसांनी परत गळायचं. मी म्हणायची, अहो, गळतंय इथं, पण दुखणं पुढं आहे. तो म्हणायचा, बाई, तुमी डबे धुवा. मी डबे धुवायची.

मग ऐंशीनंतरचा तो दुष्काळ आला. लागोपाठ दोन-तीन वर्षं. केंद्राची विहीर खरवडली गेली, टँकरवर आलो. डबे तर धुवायलाच पाहिजेत, नाहीतर दूध नासतं. तेव्हा मी पाण्याची तीन टिपं, म्हणजे पत्र्याची पिंपं, मांडली आणि त्यांच्यावर खडूनं आकडे घातले. पहिलं पाणी, दूध विसळलेलं, पांढरं, ते वासरांना. दुसरं पाणी सोड्याचं, ते फरशीला आणि गटाराला. तिसरं पाणी शेवटच्या विसळीचं, दिसायला अगदी नितळ, त्यात सोड्याचा हलका अंश, ते टाकून द्यायचं जिवावर यायचं. गावात तर प्यायला दोन घागरी मिळताना मारामार, कपडे धुवायचे कशानं? तर ते तिसरं पाणी आम्ही बाराजणी एकेक घागर घरी न्यायचो. कपडे झकास निघायचे त्यात, सोडा होता ना.

पण नियम असा की केंद्रातनं काही म्हणजे काही बाहेर न्यायचं नाही. मॅनेजरसाहेब नवे आले होते, कडक माणूस, कागदाला कागद जुळला पाहिजे असा. मागच्या फाटकानं पाच वाजता घागरी जायच्या आणि त्याच वेळेला हुसेनचाचा गाडी आणून नेमकी फाटक आणि हापिसची खिडकी यांच्या मधी उभी करायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस उभी केली, मग रोजच करायला लागले.

हुसेनचाचा संघाचे ड्रायव्हर. छप्पन-सत्तावन्न वर्षांचे असतील, पाठ दुखायची, तपकीर ओढायचे. आमच्याशी त्यांचं बोलणं दख्खनी, आमचं मराठी, पण अडलं कधीच नाही. आधी ते संघाची जीप चालवायचे, तिचं इंजिन उतरवलं ते उतरवलंच. मग गुरांच्या डॉक्टरसाहेबांनी स्वतःची गाडी कामाला लावली आणि चाचांना त्या गाडीवर घेतलं. तरुण होते डॉक्टर, तिशीचे, लातूरकडचे. गाडी सोलापूरच्या कुण्या मिलवाल्याकडनं घेतलेली, विलायती, बुटकी, निळी. तिला मागं डिकीचं तोंड वेगळं नव्हतं, काचेसकट अख्खं मागचं दारच वर उघडायचं. आणि गंमत काय, मागच्या काचेलाही वायपर, आणि बटन दाबलं की वरनं पिचकारीसारखं पाणी उडायचं. आम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या बाराजणींतली गोदा म्हणाली, अगं बया, ही मागनं बी तोंड धुती. चाचांना त्याचं लई कौतुक. कुणी बघायला आलं की दाबून दाखवायचे.

आणि कामाचंही होतं ते. तसल्या गाडीला मागं धूळ लई बसते, रस्ता उडतो तो सगळा काचेवर येऊन चिकटतो, आणि त्या वर्षी धुळीशिवाय रस्त्यावर होतं काय. तर पिचकारीची टाकी, चार-पाच तांबे पाणी मावेल एवढी, डिकीत डाव्या अंगाला होती. ती भरायला चाचा एकदा आमच्या प्यायच्या रांजणाकडं आले तांब्या घेऊन. मी अडवलं. म्हटलं, चाचा, पाच कोसांवरनं टँकरनं आलेलं पाणी तुम्ही काचेला घालणार? तिसऱ्या पाण्यातलं घ्या, नितळ आहे, उलट सोड्यानं काच चकाकंल. ते म्हणाले, ये बात सही है. तेव्हापासून ते तिसरं पाणी घालायला लागले आणि मला बरं वाटलं, माझ्या टिपांचा अजून एक उपयोग झाला म्हणून.

हे झालं होळीच्या सुमाराला. वैशाखात गाडी गळायला लागली.

मागच्या चटईखाली पाणी साचायचं. डॉक्टर डिकीत औषधांची खोकी ठेवायचे, लसीचा बर्फाचा डबा ठेवायचे. आधी वाटलं बर्फाचंच पाणी असेल. मग एक दिवस खोकी भिजली, बाटल्यांच्या चिठ्ठ्या निघून गेल्या, कुठली कशाची कळेना. दुष्काळाच्या चारा छावणीवर दोनशे जनावरं ताटकळत उभी आणि डॉक्टर हात हलवत परत आले. ते माणूस शांत, पण त्या दिवशी चिडले. उमरग्याच्या मेकॅनिकनं टाकीचं वायसर बदललं. परत गळलं. चाचांनी पंक्चरचं सोल्युशन लावलं, तारेनं आवळलं. परत गळलं. आणि डिकीत एक आंबूस वास यायला लागला. चाचांना तपकिरीमुळं वासच यायचा नाही, डॉक्टरांना वाटलं कुठल्या तरी सोसायटीचा दुधाचा डबा चाचांनी परस्पर वाहिला.

त्यांनी विचारलं, चाचा, टाकीत पाणी कुठलं घालता? चाचा म्हणाले, हातपंपाचं. आता हातपंप दोन महिने कोरडा होता, हे डॉक्टरांनाही माहीत होतं. झालं. डॉक्टरांना वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. त्यांनी मॅनेजरसाहेबांना चिठ्ठी दिली, मला दुसरा ड्रायव्हर द्या. आणि साहेबांनी ठरवलं, चाचांना पहिल्या तारखेपासून छावणीवर पाठवायचं, चाऱ्याचे ट्रक उतरवून घ्यायला. त्या पाठीनं. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं.

मला हे गोदानं सांगितलं. मी डबा खाली ठेवला आणि डॉक्टरांकडं गेले. म्हटलं, साहेब, गाडी मला एक दिवस द्या. ते म्हणाले, बाई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं? म्हटलं, गाडीतलं काहीच कळत नाही, पण नळी, रबर आणि पाणी यांच्यात माझी अकरा वर्षं गेलीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि किल्ली दिली. चाचांनाच दिली, पण माझ्यासमोर.

मग मी आधी कागद घेतला. पाणी कुठनं निघतं आणि कुठं जातं ते चाचांना विचारून लिहिलं. एक, टाकी. दोन, टाकीखालची मोटर. तीन, मोटरीतनं नळी डाव्या अंगानं वर चढते तो जोड. चार, छत आणि दार यांच्या मधला रबरी कोपरा, दार उघडताना जो वाकतो. पाच, काचेवरचं पिचकारीचं तोंड. आतले पत्रे-पुठ्ठे चाचांनी उघडले. सगळं पुसून कोरडं ठणठणीत केलं आणि पाचही जागी जुन्या धोतराच्या चिंध्या बांधल्या, प्रत्येकीवर कोळशानं आकडा. चाचांना म्हटलं, आता दाबा. दाबलं. मोटर कण्हली. काचेवर थेंबसुद्धा आला नाही. अजून दाबा. मग चिंध्या सोडल्या. एक कोरडी. दोन कोरडी. तीन कोरडी. चार चिंब. वरनं छताच्या आतनं पाणी ओघळत खाली चटईखाली जात होतं, आणि सगळे गळती खाली शोधत होते.

ती चौथी चिंधी मी पिळायला म्हणून नाकाजवळनं नेली आणि तशीच बसले. काय सांगू तुम्हाला, तो वास मी झोपेतही ओळखीन. अकरा वर्षं माझ्या पातळाला तो वास होता. नासक्या दुधाचा आणि सोड्याचा.

पिचकारीचं तोंड काढलं तर आतनं पांढरं, टणक. दुधाचा खडा. तोंड बंद, मोटर ढकलतेय, मग नळी बिचारी कोपऱ्यात सुटली. म्हणजे गाडी चाचांनी बिघडवली नव्हती. मेकॅनिकनं नाही, विलायतेनंही नाही. तिसऱ्या पाण्यानं बिघडवली होती, नितळ दिसलं तरी दुधाचा अंश त्यात होताच, आणि ते पाणी मी दिलं होतं, वर शहाणपणा सांगून.

मी चाचांना विचारलं, तुम्ही हातपंपाचं पाणी का म्हणाला? खरं सांगून मोकळं व्हायचं. ते डिकीच्या काठावर बसले, डबीतनं तपकीर काढली, म्हणाले, तीसरे पाणी का नाम लिया तो पूछते, तीसरा पाणी जाता कहाँ है. बारा घागरां है बाई. मेरा क्या, छावणी पे भी बैठ के तपकीर ही ओढनी है. असं म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

काम तर पुरं करायचं होतं. चिंच कोळून पिचकारीचं तोंड त्यात बुडवून ठेवलं. गाईचं सड तुंबलं की डॉक्टर एक बारीक पोकळ सुई घालतात, तसली एक जुनी त्यांच्या पेटीतनं घेतली आणि तोंड आतनं खरवडलं. जुनी नळी टोकाला चिरलेली, विलायती नळी इथं कुठली मिळणार, तर सलाईनची नळी टाकली, ती गरम पाण्यात धरली की मऊ होते, घट्ट बसते. टाकी चिंचेच्या पाण्यानं खळबळून घेतली. मग प्यायच्या रांजणातला एक तांब्या, माझ्या वाट्याचा, त्यात घातला आणि दाबलं. काचेवर पिसारा उडाला. चिंध्या पाचही कोरड्या.

आता प्रश्न राहिला सांगायचं काय. रबर जुनं झालं होतं असं सांगितलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण चाचांचं खोटं तसंच राहिलं असतं आणि चिठ्ठीही. आणि खरं सांगितलं तर घागरी बंद. बायांना एकत्र बसवून सांगितलं, असं असं आहे. गोदा म्हणाली, सुशीलाबाई, माझी सून बाळंतीण हाय, लेकराची दुपटी मी कशात धुऊ? चाचाला छावणीत सावलीला बसवतील की. दुसरी म्हणाली, सावली कुठं हाय छावणीत? गोदा चुकीचं बोलत नव्हती. मी घरी येऊन कागदावर दोन रकाने केले, एकात चाचा आणि एकात घागरी. चाचांच्या रकान्यात एकच ओळ आली, घागरींच्या रकान्यात बारा. पण त्या बारा ओळींतली माझी सोडली तर एकीनंही चाचांना पाणी दिलं नव्हतं. मी दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हापिसात गेले. साहेब होते, डॉक्टर होते, चाचांना मीच बोलावलं होतं. टेबलावर चिंधी ठेवली, खडा ठेवला आणि सगळं सांगितलं, तिसरं पाणी कुणी दिलं, का दिलं आणि उरलेलं कुठं जातं तेही. चाचा मधीच म्हणाले, साब, ये बाई को कुछ मालूम नहीं. मी म्हटलं, चाचा, तुम्ही थांबा. साहेबांनी विचारलं, किती घागरी? बारा. रोज? रोज. कधीपासून? टँकर लागला तेव्हापासून. मागच्या फाटकानं? व्हय. साहेब म्हणाले, ते मला माहीत आहे, गाडी कुणी अशी आडवी लावत नाही.

डॉक्टरांनी चिंधी हुंगली आणि तोंड फिरवलं. चाचांना म्हणाले, माझ्याशी खोटं बोललात. चाचा म्हणाले, जी. डॉक्टर म्हणाले, मला विचारायचं तरी, मी काय वाघ आहे? आणि साहेबांकडं चिठ्ठी परत मागितली. साहेब म्हणाले, ती आवक झाली, तिच्यावर नंबर पडला, आता देता येत नाही. तेव्हा डॉक्टरांनी तिथंच दुसरी लिहिली, की दोष नळीत होता, ड्रायव्हरमध्ये नाही, मला हाच ड्रायव्हर ठेवावा. साहेबांनी तिच्यावरही नंबर टाकला, मगच त्यांचा चेहरा सैल झाला.

मला वाटलं, आता घागरींचं काय ते ऐकायचं. साहेब म्हणाले, बाई, ते तिसरं पाणी तुम्ही कामाचं समजता की टाकाऊ? मला आधी कळेना. ते म्हणाले, कामाचं असेल तर बाहेर जाता येणार नाही. टाकाऊ असेल तर त्याची रोजच्या रोज आवाराबाहेर विल्हेवाट लावली पाहिजे, तसा नियमच आहे. म्हटलं, साहेब, टाकाऊ आहे, अगदी टाकाऊ. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, धुलाई विभागातील सांडपाण्याची विल्हेवाट विभागातील महिलांनी दररोज सायंकाळी पाच वाजता आवाराबाहेर लावावी. सही केली. वर म्हणाले, कुणी किती विल्हेवाट लावली त्याची यादी तुम्ही ठेवा, आणि ते पाणी कुठल्याही यंत्रात घालायचं नाही. बाहेर आल्यावर गोदा म्हणाली, म्हंजी बंद का चालू? म्हटलं, चालू, आता पुढच्या फाटकानं.

पिचकारी नीट झाली ती झालीच, पण पाऊस पडेपर्यंत ती कुणी उडवली नाही. डॉक्टरच म्हणाले, चाचा, फडकं घ्या. चाचा गाव आलं की उतरून पाठीला हात लावून मागची काच पुसायचे.

आता पाऊस बरा आहे. केंद्रावर बोअर झालाय, गावात नळ आलाय, टिपं मी अजून मांडते पण तिसरं पाणी झाडांना जातं. डॉक्टर बदलून परभणीकडं गेले. चाचा रिटायर होऊन नळदुर्गला लेकीकडं असतात, नजर अधू झालीय. मागच्या महिन्यात माहेरी गेले होते, तिथनं पुढं त्यांच्याकडं जाऊन आले. खरं तर एक गोष्ट बोलायची राहिली होती माझी. सगळ्यांसमोर खरं सांगितलं, कागद झाले, नंबर पडले, पण चाचांना, तुम्हाला माझ्यामुळं ऐकून घ्यावं लागलं, हे मी कधी म्हटलंच नव्हतं. ते म्हटलं. ते लेकीला म्हणाले, इनके वास्ते चाय में शक्कर जरा जास्ती डाल, बाई लंबे सफर से आई है. बास, एवढंच. जळकोट तिथनं असं कितीसं लांब आहे, पण मी चहा घेतला, गोडमिट्ट होता, आणि परतीची गाडी येईपर्यंत बसले त्यांच्याजवळ.

माझं आता असं आहे, मुलगी मार्गी लागली, मालकांचे गुडघे सोडले तर तक्रार नाही. चाचांची नजर तेवढी टिकावी, गोदाचा नातू शाळेत जातोय त्यानं शिकावं, कुणाला टिपावर आकडे घालायची वेळ परत येऊ नये. सगळ्यांचं मंगल होवो. लिहिलंत ना सगळं? मग चला, पाच वाजत आले, डब्यांची गाडी येईल.